बाणाच्या टप्प्यात सांबर: लेकीला घेऊन रानात बसायचं कसं

मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात लेथवर काम करतो. सकाळी साडेसातला घर सोडलं की परत येईपर्यंत अंधार होतो. लेक सातवीत आहे. गेल्या वर्षभरात आमचं बोलणं "जेवलीस काय?" आणि "अभ्यास झाला काय?" एवढ्यावर येऊन थांबलं होतं. ती वाईट वागत नव्हती, मीही रागवत नव्हतो. बोलायला काही उरलंच नव्हतं.

त्याच सुमाराला कोलोरॅडोहून माझ्या आतेभावाचा फोन आला. तो आणि त्याचा १४ वर्षांचा पोरगा धनुष्यबाण घेऊन, पगारी वाटाड्याबरोबर पाच दिवस डोंगरात एल्कच्या मागावर होते. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातला, पण अंगानं त्याहून मोठा. सप्टेंबरात त्यांचा माजाचा काळ असतो. नर लांब शिट्टीसारखी हाळी देतात आणि तिच्या मागानं माणूस त्यांच्यापर्यंत पोचतो. तिकडं हे कायद्यानं चालतं, पण नियम कडक आहेत. मोठ्या जनावराच्या शिकारीला किमान १२ वर्षं वय लागतं, सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, धनुष्य किती ताणाचं हवं तेही ठरलेलं आहे. मी विचारलं, "मग मारलं काय?" तो म्हणाला, "नाही. एकदा तीस यार्डांवर आलं होतं. पण आडवं उभं राहिलं नाही, तोंड आमच्याकडंच. अशा वेळी बाण सोडला तर जनावर जखमी होऊन पळतं. पोरानं ताणलेली दोरी तशीच हळू सैल केली." मग जरा थांबून म्हणाला, "पाच दिवस पोरगा माझ्या कानाला लागून कुजबुजत होता रे."

ते कुजबुजणं माझ्या डोक्यातून जाईना.

आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. पण भावाच्या त्या पाच दिवसांतून शेवटचा बाण वजा केला, तर उरलेलं सगळं आमच्या बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात मिळतं. जनावराचा माग, वारा, तासन्‌तास बसणं, तीस पावलांच्या आत पोचण्याची धडपड, सगळं. म्हणून आम्ही ठरवलं, धनुष्य न घेता धनुष्यवाल्यासारखं जायचं. बंदूकवाला लांबून भागवतो, धनुष्यवाल्याला जवळ जावंच लागतं. सांबर बाणाच्या टप्प्यात यावं, त्यानं आपल्याला ओळखू नये, आणि आपण काही न करता परत यावं, एवढंच आमचं काम.

ज्यांना पोराला घेऊन असं जायचं आहे त्यांच्यासाठी आम्ही केलेलं लिहितो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रानात बापानं शिकवायला जाऊ नये. तिथं तिसरा माणूस गुरू हवा, आणि बाप नि लेक दोघं एका बाकावर बसलेले हवेत. वाटाड्या घ्यायचा तो वाट चुकू नये म्हणून, हे खरंच. पण त्याहून मोठा फायदा हा की त्याच्यापुढं बापालाही काही येत नसतं.

म्हणून वाटाड्या निवडायला सगळ्यात जास्त वेळ द्या. आम्हाला आधी एक जण भेटला होता. "सांबर नक्की दाखवतो, रात्री जीप काढू, बॅटरी मारू," म्हणाला. त्याला तिथंच नको म्हटलं. रात्री रानात उजेड मारत फिरणं गुन्हा आहे, आणि डोळे दिपून गोठलेलं जनावर बघण्यात पोराला मिळतं काय? नंतर बायकोच्या माहेरचे एक मामा मिळाले. जांबोटीच्या पुढं त्यांचं गाव. वनखात्यात वॉचर म्हणून राबलेले, आता घरची शेती बघतात. "सांबर दिसेल काय?" असं विचारल्यावर म्हणाले, "दिसंल, न्हाईतर न्हाई दिसणार. पायाचं ठसं मात्र दावतो." मग माझ्याकडं न बघता लेकीला विचारलं, "बाय, तुला गप बसाय येतंय काय?" मला हवा होता तो माणूस हाच. जो खात्री देत नाही, जो सरळ पोराशी बोलतो, आणि जो "इथनं पुढं न्हाई" म्हणू शकतो, त्याच्या मागून जावं.

नातेवाईक नसले तरी अडत नाही. हेमाडग्याला भीमगड अभयारण्याचा वनखात्याचा निसर्ग कॅम्प आहे, दांडेलीजवळ कुळगीला आहे. तिथं राहायची सोय होते आणि खात्याची माणसं बरोबर येतात. भीमगड २०११ साली अभयारण्य झालं. तेव्हा आत परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, ओळखीवर तर नाहीच. आम्ही मामांच्या मालकीच्या शेतात बसलो आणि गावच्या पायवाटेनंच फिरलो. तरी हद्द कुठं लागते ते आधी खात्याच्या माणसाला विचारून घेतलं. हे विचारायचं काम मी लेकीवर सोडलं. माझं कन्नड कारखान्यापुरतं, तिचं शाळेतलं. तिनं अदबीनं विचारलं, उत्तर वहीत लिहून घेतलं, आणि रानाच्या कडेचा फलक मला मराठीत वाचून दाखवला. बरोबरीची सुरुवात तिथूनच झाली.

तयारी घरी करायची, आणि ती महिनाभर तरी हवी. दर रविवारी आम्ही येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढायचो, दमसास वाढावा म्हणून. त्याहून उपयोगाची जागा निघाली गावातच, टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपोचं झाडीचं आवार. तिथं झाडाखाली वाळका पाला पडलेला असतो आणि मोर फिरतात. पाल्यावरून आवाज न करता चालायचं आणि मोर किती पावलांवर उडतो ते मोजायचं. पाऊल टाकताना आधी तळव्याची बाहेरची कड टेकवायची, खाली काटकी नाही ना ते पायालाच कळू द्यायचं, मग भार सोडायचा. बूट जाड तळाचा असला तर हे कळत नाही. साधे कॅनव्हासचे बूट बरे. पहिल्या रविवारी मोर आम्हाला जवळ येऊ देईनात. चौथ्या रविवारी लेक वीस पावलांवर पोचली, मी मागंच.

वासाचं सांगतो. जनावराच्या नजरेला चकवता येतं, नाकाला येत नाही. जायच्या आधी चार दिवस वासाचा साबण, खोबरेल, पावडर, सेंट सगळं बंद. रानात घालायचे कपडे नुसत्या पाण्यात धुऊन गच्चीवर वाऱ्याला टाकले, आणि देवघराच्या खोलीत ठेवले नाहीत, कारण उदबत्तीचा वास कपड्यात बसतो. रंगाचंही तसंच. हरणांच्या कुळाला लाल-केशरी नीट ओळखू येत नाही, पण निळा चांगला दिसतो. म्हणून जीन्स नको. चमक आणणारी साबणपावडर लावलेले कपडेही त्यांच्या डोळ्यांना उजळ दिसतात. लेकीसाठी मळकट हिरवा पंजाबी ड्रेस आणि वर आजीची तपकिरी शाल, माझ्यासाठी कारखान्यातला जुना खाकी शर्ट. नवीन काही घेतलं नाही. फक्त एक दुर्बीण घेतली, आठपट मोठं दाखवणारी, आणि मुद्दाम एकच. दोघांत एक दुर्बीण असली की "मला दे की", "डावीकडं बघ" असं हळू आवाजात सुरू होतं. फोन मात्र बंद करून पिशवीच्या तळाला. फोटो काढायच्या नादात बघायचं राहून जातं, हे माझं ठाम मत आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोराला काम द्या, आणि ते खरं काम असू द्या. पाण्याची बाटली धरणं हे काम नव्हे. ते काम पोरानं चुकवलं तर सगळ्यांची खेप वाया जाईल, असं ते असावं.

धनुष्यवाले बारीक भुकटीची डबी जवळ ठेवतात आणि दाबून वारा बघतात, असं भावानं सांगितलं होतं. आम्ही चुलीतली राख वस्त्रगाळ केली आणि पातळ मलमलीत तिची पुरचुंडी बांधली. पुरचुंडीला टिचकी मारली की राखेचा बारीक धूर निघतो, आणि अंगाला अजिबात न जाणवणारा वारा कुठं चाललाय ते डोळ्याला दिसतं. ती पुरचुंडी लेकीच्या हातात दिली आणि मामांसमोर ठरवलं, वाऱ्याचा निर्णय तिचा. ती "चला" म्हणाली तर पुढं, "नको" म्हणाली तर मागं. मोठ्यांनी वाद घालायचा नाही.

वाऱ्याची रीत मामांनी तिला पहिल्याच सकाळी उतारावर उभं करून शिकवली. रात्रभर गार झालेली हवा पहाटे उतारावरून खाली सरकते, ओढ्याच्या पाण्यासारखी. ऊन पडून जमीन तापली की तीच हवा वर चढायला लागते. संध्याकाळी ऊन गेलं की परत खाली. म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला जनावर वर असेल तर आपण खाली बसावं, आणि दिवसा त्याच्या वरच्या अंगाला. अवघड वेळ म्हणजे हवा पालटतानाची. तेव्हा राख एकदा इकडं, एकदा तिकडं जाते, आणि त्या अर्ध्या तासात हलूच नये. मी शाळेत शास्त्र शिकलोय, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लेक आणि मी एकाच वेळी "अच्छा" म्हणालो.

माग बघायचं कामही पोरांना फार आवडतं. लेकीनं काडेपेटी मापाला घेतली होती. चितळाचा खूर साधारण काडेपेटीच्या लांबीएवढा भरतो, सांबराचा दीडपट, भेकराचा त्याहून बराच लहान. गव्याचा ठसा रुंद, आपल्या गाई-म्हशीसारखा. डुकराच्या ठशामागं, माती मऊ असली तर, मागच्या दोन नख्या उमटतात. वहीत प्रत्येक ठसा खऱ्या मापाचा काढायचा, खाली तारीख आणि कुठं दिसला ते. चिखलात सांबर लोळल्याची जागा, शिंगं घासून साल निघालेलं झाड, लेंड्या ओल्या की वाळक्या, एवढं कळलं तरी जनावर न बघताही तीन दिवस भरतात. आवाजही ओळखायला शिका. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. सांबर बिथरलं की पाय आपटतं आणि एकच मोठा "पोंक" देतं, रान दणाणतं त्यानं. गळून पडलेलं शिंग सापडलं तर हात लावू द्या, माप घेऊ द्या, आणि तिथंच ठेवून या. घरी आणणं गुन्हा आहे. पोराला हे सांगताना अवघड जातं, पण सांगावंच.

आम्ही नाताळच्या सुट्टीत गेलो. पिरनवाडी, किणये, कुसमळी करत एसटीनं जांबोटी, तिथून पुढं मामांच्या नातवाच्या गाडीवर. दोन मुक्काम तरी हवेतच. पहिली संध्याकाळ फुकट जाणार असं धरूनच चला. थंडीत सांबरांचा माजाचा काळ असतो, नर फिरते असतात, आणि भातकापणीनंतर मामांनी मसूर पेरली होती, तिला सांबरं येत होती. पावसाळ्यात जाऊ नका. जळवा असतात, वाट निसरडी असते, आणि दहा हातांपलीकडचं दिसत नाही.

थंडी-उन्हाळ्यात मात्र गोचिडींची काळजी घ्या, आणि हे हलक्यावर घेऊ नका. शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्गात माकडतापानं माणसं दगावली आहेत आणि तो गोचिडीतून येतो. पँट मोज्यात खोचायची, पाल्यावर बसायचं नाही, घोंगडं अंथरून बसायचं, परतल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करून काखा, मान, कानामागं बघायचं. माकड मरून पडलेलं दिसलं तर तिथून लांब व्हायचं आणि खात्याला कळवायचं. पुढच्या दहा-बारा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना "रानात गेलो होतो" हे आधी सांगायचं. दुसरी भीती अस्वलाची आणि एकट्या गव्याची. मोकळ्यात आम्ही गप चालायचो, पण वळणावर नि गचपणात मामा मुद्दाम खाकरायचे. अस्वल दचकलं की अंगावर येतं, म्हणून त्याला आधी कळू द्यायचं. लेकीला एवढंच सांगितलं होतं, मामांच्या पुढं पाऊल नाही.

पहिल्या संध्याकाळी आम्ही शेतातल्या राखणीच्या माळ्याखाली बसलो. त्याआधी लेकीनं पावलं मोजून खुणा केल्या होत्या. वीस, तीस आणि चाळीस पावलांवर साल काढलेल्या पांढऱ्या काटक्या रोवल्या. धनुष्यवाले आधीच अशी झाडं-दगड हेरून ठेवतात, म्हणजे ऐन वेळी अंतराचा विचार करावा लागत नाही. साडेपाच झाले. वर रानाच्या कडेला कारवीत काहीतरी हललं. मामांनी बोट वर केलं. मला दुर्बिणीतून एक मोठा कान दिसला आणि माझी छाती धडधडायला लागली. तेवढ्यात लेकीनं पुरचुंडीला टिचकी मारली. राख सरळ त्या कानाकडं निघाली.

"पप्पा, नको. मागं जाऊया."

मी म्हटलं, "अगं, आलंय ते. जरा थांबूया की." दुसऱ्यांदाही म्हटलं. हे मी करायला नको होतं. तिचं तोंड एकदम पडलं. मामा काही न बोलता उठले, घोंगडं उचललं आणि वाकून ओढ्याकडं चालू लागले. जाताना मला म्हणाले, "जावईबापू, बाय म्हंत्या ते बरोबर हाय." आम्ही अजून ओढ्यात उतरलोही नव्हतो, तोच वरून "पोंक" आला आणि पाठोपाठ फांद्या मोडल्याचा आवाज. तिथंच बसून राहिलो असतो तर त्याला आणखी आधी वास लागला असता.

रात्री चुलीपुढं मी तिला सांगितलं, "माझं चुकलं. ठरलं होतं तुझं ऐकायचं." ती काही बोलली नाही, पण तांदळाच्या भाकरीचा पापुद्रा काढून माझ्या ताटात टाकला. पोरांची माफी मागायची वेळ अशा फेरीत येते. ती आली की लगेच मागावी, सकाळवर ढकलू नये.

त्याच रात्री मामींनी मसुरीचं सांगितलं. सांबरं रात्रीत अर्धा पट्टा खाऊन जातात. पोरांना ही बाजूही ऐकू द्या. लेकीनं विचारलं, "मग आजोबा, तुम्हाला राग येत नाही?" मामा म्हणाले, "येतो की. डबा वाजवून हाकलतो. पर त्यास्नी तरी कुठं शेत हाय?" वहीत ठशांच्या शेजारी तिनं ते वाक्य लिहून ठेवलं आहे.

दुसऱ्या दिवशी जागा तिनं निवडली. ओढ्याच्या अलीकडं, जांभळीच्या बुंध्याला टेकून, माळ्यापेक्षा खाली. खुणा परत रोवल्या. साडेचारलाच जाऊन बसलो, कारण उशिरा येणाऱ्याचा आवाज सगळं रान ऐकतं. बसण्याचं एक सांगतो. पोराला "हलू नको" म्हणू नका. पहिला तासभर हळू हलायची मुभा द्या, शेंगदाणे खाऊ द्या. वेफर्स नकोत, पिशवी वाजते. पाठ टेकायला काहीतरी द्या, थंडी वाजायच्या आधी शाल द्या. आणि आपण बोलू नका. मला दहा वेळा सांगावंसं वाटलं, ते बघ धनेश चालला, तिकडं रानकोंबडा ओरडतोय. गप राहिलो. थोड्या वेळानं तिनंच माझं मनगट धरून बोट दाखवलं. शेकरू होतं, मला दिसलंच नव्हतं.

मग कुजबुज सुरू झाली. शाळेत तिची एक मैत्रीण बोलेनाशी झाली होती, चार महिने झाले. घरी कुणाला माहीत नव्हतं. रानाकडं बघत, तोंड न वळवता तिनं सगळं सांगितलं. मी उपाय सांगितला नाही. "मग?" एवढंच दोनदा म्हणालो. माझ्या अंदाजानं समोरासमोर बसून हे निघालं नसतं. दोघांची नजर एकाच दिशेला लागते तेव्हा पोरं बोलतात.

सहा वाजता राख आमच्याकडं यायला लागली. तिनं मान हलवली, म्हणजे बसायचं. अंधुक उजेडात आधी एक मादी उतरली, मागं पाडस. मादी चाळीसच्या काटकीशी थांबली, नाक वर केलं, कान आमच्याकडं फिरवले. लेकीचा श्वास माझ्या दंडाला लागत होता. मादीनं एक पाय उचलला. आपटणार, असं वाटलं. पण तिनं तो सावकाश पुढं टाकला आणि तीसची काटकी ओलांडून मसुरीत तोंड घातलं. आडवी, अख्खी, पाडस पोटाखाली. किती वेळ ते सांगता येत नाही. पाडसाचा मसूर खाण्याचा आवाज ऐकू येत होता, एवढं खरं.

वरून नराचा आवाज आला आणि दोघं आपल्या वाटेनं परत गेली. आम्ही पूर्ण अंधार होईपर्यंत हललो नाही. जनावर गेल्या गेल्या उठून बोलू लागायचं नसतं, कारण मागं आणखी कोण उभं असेल ते आपल्याला दिसत नाही. मग मामांनी बॅटरी खाली धरली, लेकीनं जाऊन तीसच्या काटकीपुढचा ठसा काडेपेटीनं मोजला.

परतीच्या वाटेवर पोराला "कसं वाटलं?" विचारू नका. आम्ही जांबोटीला एसटीची वाट बघत चहा घेतला, भजी खाल्ली. ती वहीत मादीचा कान काढत होती, परत परत खोडून. किणयेच्या आसपास तिनं विचारलं, "पप्पा, कोलोरॅडोच्या दादाला फोन लावूया? त्यानं दोरी सैल केली तेव्हा एल्क पळालं की तिथंच थांबलं, ते विचारायचंय."

तिकडं मध्यरात्र उलटून गेली होती. मी म्हटलं, रात्री लावूया, तेव्हा तिकडं सकाळ असंल. पुरचुंडी अजून तिच्या हातात होती. खिडकीच्या वाऱ्यावर तिनं एक टिचकी मारली.